काळी की कोरी

स्क्रीन प्रिंटिंगच्या कारखान्यात सगळ्यात बेरंगी कोण, तर पॉझिटिव्ह. आजूबाजूला शाईचे डबे उघडे पडलेले, टेबलावर, फडक्यांवर, कारागिरांच्या नखांत रंग भरलेला, आणि ही मात्र पारदर्शक फिल्मवर तेवढं काळं ल्यायलेली. लाल शाईची पॉझिटिव्ह काळी, पिवळीची काळी आणि नवख्याला हमखास बुचकळ्यात पाडणारी गोष्ट म्हणजे पांढऱ्या शाईचीही काळीच. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘लाल’, ‘पिवळा’, ‘व्हाइट बेस’ असं लिहिलेलं नसेल तर कोणती कुणाची हे ओळखायला मूळ चित्र डोक्यात पक्कं असावं लागतं. तिला स्वतःचा रंग नाही, पण कुठल्या रंगाने कुठे बसायचं आणि कुठे पाऊल टाकायचं नाही, ते तीच ठरवते.

स्वभावाने ती उलटतपासणी घेणाऱ्या वकिलासारखी आहे. लांबण लावू नका, हो की नाही एवढंच सांगा. उजेडाला अडवतं ते काळं, जाऊ देतं ते कोरं, तिसरं उत्तर तिच्याकडे नाही. फ्रेमवर ताणलेल्या जाळीला इमल्शनचा पातळ थर देऊन तो पिवळ्या दिव्याच्या खोलीत पंख्याखाली वाळवलेला असतो. त्याला ही चिकटून बसते आणि तिच्यातून उजेड सोडला जातो. उजेड जिथे पोचतो तिथलं इमल्शन कडक होऊन जाळीची छिद्रं बुजवून टाकतं. जिथे पॉझिटिव्हचं काळं आडवं आलं तिथलं कच्चं राहतं आणि पाण्याचा फवारा मारला की धुऊन निघतं. याला स्क्रीन उघडणं म्हणतात. उघडलेल्या वाटेने पुढे शाई उतरते.

अशा बाईच्या दारात रोज येऊन उभं राहतं ते कॉम्प्युटरवर जन्मलेलं आर्टवर्क. त्याचं बालपण भलत्याच लाडात गेलेलं असतं. मॉनिटरवरच्या एका पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी 256 पायऱ्या, म्हणजे 1 कोटी 67 लाखांहून जास्त रंगांची मुभा. अक्षरांमागे चकाकी द्या, चकाकीमागे सावली द्या, सावली अर्धवट पारदर्शक करा, अडवणारं कुणी नाही. फ्लेक्सच्या बोर्डावर हे सगळं खपूनही जातं, कारण तिथलं मशीन शाईचे सूक्ष्म थेंब फवारत पडद्यावरचं चित्र जसंच्या तसं उतरवायला बघतं. तेच आर्टवर्क ‘आता टी-शर्टला घ्या’ म्हणून आलं की पहिला प्रश्न येतो, किती रंग? समोरून उत्तर येतं, ‘तसे तीनच आहेत.’ त्या ‘तसे’मध्ये सगळी गोम असते. भगव्याच्याच चौदा छटा निघतात, आणि इथे प्रत्येक रंगाला वेगळी पॉझिटिव्ह, वेगळी फ्रेम, शाईचा वेगळा हात.

पावसाळ्यात ढोल पथकांच्या आणि गणेश मंडळांच्या टी-शर्टांची घाई सुरू झाली की ही ओढाताण रोजची होते. चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. पाठवतानाच ते दाबून लहान झालेलं असतं, बहुतेक वेळा लांब बाजूला 1600 पिक्सेलच्या आसपास. ते छातीवर 12 इंच रुंद छापायचं म्हटलं की इंचाला 133 पिक्सेल वाट्याला येतात, हवे असतात 300. मोबाइलवर धारदार दिसणारी सोंडेची कड पॉझिटिव्हवर पायऱ्यापायऱ्यांची निघते. सोबत मेसेज असतो, ‘एचडी आहे साहेब.’ मग ते चित्र कोरल ड्रॉमध्ये पुन्हा रेखून घ्यावं लागतं. ट्रेसचं बटण दाबलं की झालं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या बटणाला सोंड कुठली आणि सोंडेभोवती साचलेला जेपीजीचा कचरा कुठला, हे कळत नाही. ते दोन्ही सारख्याच इमानाने रेखून देतं. एकेक रेघ हाताने बसवलेलं काम पॉझिटिव्हवर वेगळं ओळखू येतं.

साध्या काळ्या रंगाचंच घ्या. आरजीबीतला निव्वळ काळा फोटोशॉपच्या मूळ सेटिंगवर छपाईच्या चार शायांत नेला की होतो सायन 75, मॅजेंटा 68, पिवळा 67 आणि काळा 90 टक्के. ऑफसेटच्या चार रंगांत तो निभावून जातो. इथे सेपरेशन काढलं, म्हणजे रंग सुटे केले, की एका काळ्या नावाच्या चार पॉझिटिव्ह हातात येतात आणि त्यांतली एकही धड शंभर टक्के नसते. गिऱ्हाइकाला दिसतं काळ्या अक्षरातलं मंडळाचं नाव, आणि तिच्या लेखी त्यात चार भागीदार असतात. हा काळा कुणाचा, ते एकदाच सांगावं लागतं. म्हणून अनुभवी माणूस फाइल उघडल्या उघडल्या रंगाचे चार आकडे बघतो. चित्र कसं दिसतंय, ते नंतर.

पण तिचा खरा खडूसपणा दिसतो तो बारीक रेघेच्या बाबतीत. कोरल ड्रॉमध्ये ‘हेअरलाइन’ नावाची रेघ मिळते, जाडी 0.076 मिलिमीटर. पडद्यावर ती नेटकी दिसते, नवे डिझायनर तिच्या प्रेमात असतात. आता कापडाच्या छपाईला सर्रास वापरतात ती सेंटिमीटरला 43 धाग्यांची जाळी घ्या. तिचा एकेक धागा 0.08 मिलिमीटरचा. म्हणजे रेघ धाग्याहूनही बारीक! ती धाग्याला समांतर जाऊन नेमकी त्याच्यावर पडली तर शाईला उतरायला वाटच नाही. दोन धाग्यांच्या मधे पडली तर उतरते. जरा तिरकी असली तर काही अंतर उतरते, काही अंतर गायब होते आणि कापडावर तुटक तुटक निघते. फिल्मवर ती अखंड असते, म्हणून पॉझिटिव्हला दोष देता येत नाही. कापडावर काढायची रेघ निदान एक पॉइंटाची, म्हणजे 0.35 मिलिमीटरची धरावी, हा हिशेब आधीच करायला हवा होता.

मराठी अक्षरांना याचा फटका जरा जास्तच बसतो. ‘ब’ आणि ‘व’ यांच्यात फरक कशाचा, तर पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. ‘ष’ आणि ‘प’ यांच्यातही तेच. खिशावरच्या छोट्या लोगोत अक्षरं लहान झाली की सगळ्यात आधी ती तिरकी रेघ जाते, आणि बबनराव टी-शर्टावर ववनराव होऊन येतात. अनुस्वार हा तर नुसता ठिपका. तो जाळीच्या धाग्यांत हरवला की मंडळाचं ‘मडळ’ होतं. उलटाही प्रकार घडतो. गडद पट्ट्यात कोरी अक्षरं ठेवली तर शाई चहूबाजूंनी आत पसरते, ‘क’चा एका बाजूचा डोळा मिटतो, ‘ळ’च्या दोन्ही कड्या बुजतात. पॉझिटिव्ह उजेडाच्या टेबलावर ठेवून भिंगातून बघणाऱ्याला हे सगळं आधीच दिसतं. त्यावर उपाय गावठी आहे, पण चालतो. त्या तिरक्या रेघेला कॉम्प्युटरवर जराशी जाडी चढवायची, अनुस्वार थोडा फुगवायचा, कोऱ्या अक्षरांची पोटं किंचित मोकळी करायची. अक्षररचनाकाराने बघितलं तर त्याला वाईट वाटेल. मंडळाच्या अध्यक्षांना स्वतःचं नाव नीट वाचता आलं की ते खूश.

अक्षरांचं दुसरं दुखणं म्हणजे फॉन्ट. युनिकोडच्या आधीपासून मराठी डीटीपीत श्रीलिपीसारख्या फॉन्टांवर काम चालत आलंय आणि अजूनही बऱ्याच फायली त्यातच येतात. ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे फाइल उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस यांचा चिवडा दिसतो. म्हणून कुठलीही फाइल घेताना कारखान्यात एक प्रश्न ठरलेला, ‘कर्व्ह केलंय का?’ अक्षरांचे आकार करून टाकले की ते कुठेही तसेच उघडतात. मात्र कर्व्ह केल्यावर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही, आणि चूक नेमकी कर्व्ह करून झाल्यावरच कुणाच्या तरी काकांच्या लक्षात येते.

एवढी हट्टी बाई, पण तिच्याकडे एक लबाडी आहे. वर गडद आणि खाली विरत जाणारा भगवा हवा असेल तर ती करडा रंग घेत नाही, ठिपके घेते. जवळजवळ भिडलेले मोठे ठिपके तिथे गडद, सुटे बारके ठिपके तिथे फिकं. प्रत्येक ठिपका मात्र शंभर टक्के काळाच, तत्त्वाला कुठे मुरड नाही. फसतो तो आपला डोळा. ठिपक्यांच्या रांगा इंचाला 45 ठेवल्या तर एकेका ठिपक्याच्या वाट्याला 0.56 मिलिमीटरचा चौकोन येतो आणि त्यातला किती टक्के भाग काळा करायचा एवढाच प्रश्न उरतो.

या चौकोनात जरा जवळून बघू. 2 टक्के छटेचा ठिपका साधारण 0.09 मिलिमीटर व्यासाचा निघतो. अशा ठिपक्यांच्या कामासाठी, म्हणजे हाफटोनसाठी, बारीक जाळी घेतली, सेंटिमीटरला 90 धाग्यांची, तरी तिथे एका धाग्यापासून दुसऱ्या धाग्यापर्यंतचं अंतर 0.11 मिलिमीटर. ठिपका छिद्रावर पडला तर वाचला, दोन धागे एकमेकांवरून जातात तिथे पडला तर गेला. त्यामुळे पडद्यावर अलगद विरणारी छटा कापडावर एका ठिकाणी एकदम तुटते, कडेला ठिपक्यांचे चुकार पुंजके राहतात. दुसऱ्या टोकालाही तसंच. 90 टक्क्यांच्या पुढच्या छटेत ठिपक्यांमधल्या कोऱ्या फटी इतक्या लहान होतात की शाई त्या भरून टाकते आणि सगळा भाग सपाट होतो. मधल्या छटांत ओली शाई कापडात पसरून प्रत्येक ठिपका फिल्मवर होता त्याहून मोठा दिसतो. म्हणून जाणकार माणूस फोटोशॉपमध्ये चित्राच्या मधल्या छटा मुद्दाम उजळ करून ठेवतो. ते बघून गिऱ्हाईक विचारतं, ‘रंग असा उडालेला का दिसतोय?’ छापून झाल्यावर बघा, एवढंच सांगता येतं.

ठिपक्यांच्या रांगा कुठल्या कोनात ठेवायच्या, हाही एक झगडा. जाळीचे धागे आडवे-उभे. ठिपक्यांच्या रांगाही त्यांच्याशी जुळत आल्या की दोन्हींच्या भांडणातून तिसरीच लाटालाटांची नक्षी उमटते. तिला मॉयरे म्हणतात. ती गणपतीच्या गालावर आली तर अख्खं काम फुकट. बरेच जण 22.5 अंशांचा कोन धरतात, म्हणजे रांगा ना धाग्यांच्या दिशेने जातात, ना 45 अंशांच्या कर्णावर. तरीही पहिल्या फ्रेमवर पॉझिटिव्ह नुसती ठेवून, जरा फिरवून, लाटा दिसतात का ते बघणारे कारागीर आहेत, आणि माझा कॉम्प्युटरपेक्षा त्यांच्यावर जास्त विश्वास आहे.

ही लबाडी तशी जुनीच. 1852 साली इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी एक पेटंट घेतलं. जिलेटिनमध्ये पोटॅशियम बायक्रोमेट मिसळलं की तो थर उजेडाने कडक होतो, याचा उपयोग त्यांनी पोलादी पत्र्यावर छायाचित्र कोरण्यासाठी केला. आणि छायाचित्रातल्या करड्या छटा शाईला झेपत नाहीत म्हणून मधे विरविरीत जाळीदार कापड धरून त्या छटांचे तुकडे करायची सूचनाही त्यांचीच. उजेडाने कडक होणारा थर आणि चित्राचे तुकडे करणारी जाळी, कारखान्यातल्या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र होत्या. जाळीतूनच शाई ढकलायचं पेटंट यायला मात्र पुढे 55 वर्षं गेली, 1907 साली मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांच्या नावावर. बायक्रोमेट तर आपल्याकडच्या लहान कारखान्यांतही बराच काळ टिकून होतं. नारिंगी पाण्याने बोटं पिवळी पडायची, आणि ते विषारी आहे हे बहुतेकांना फार उशिरा कळलं.

पॉझिटिव्हला कलेच्या दिवाणखान्यात नेऊन बसवलं ते अँडी वॉरहॉल यांनी. 1962 साली त्यांनी मेरिलिन मन्रोचा, ‘नायगारा’ या 1953 सालच्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढलेला फोटो घेतला आणि त्याची स्क्रीन बाहेरून करून आणली. फोटोतले मधले करडे बहुतेक उडाले, राहिले ते केसांचे, पापण्यांचे आणि ओठांचे काळे तुकडे. खाली सपाट रंग आणि वर हे काळं, तेही जागेवरून थोडं सरकलेलं. आमच्याकडे सेटिंग असं सरकलं तर माल परत येतो. त्यांच्याकडे ते संग्रहालयात गेलं. मला त्या चित्रांत नेहमी दिसतं ते हे की करडा सोडून द्यायचा निर्णय त्यांनी पॉझिटिव्हवर ढकलला नाही, स्वतः घेतला. आपल्याकडचे बरेच डिझायनर नेमका हाच निर्णय टाळतात आणि मग सॉफ्टवेअरच्या कुठल्यातरी मूळ सेटिंगने तो परस्पर घेतलेला असतो.

तिच्या घराण्यात पूर्वी श्रीमंती होती. कमर्शियल आर्टिस्ट पांढऱ्या बोर्डावर रोट्रिंग पेनने काम करायचा, ते प्रोसेस कॅमेऱ्यासमोर लावलं जायचं आणि लाल दिव्याच्या खोलीत लिथ फिल्म धुऊन निघायची. ते काळं म्हणजे काळं! आता तिला लेझर प्रिंटरमधून ट्रेसिंग पेपरवर काढतात, अगदीच काटकसर असेल तर साध्या कागदावर काढून त्याला तेल चोपडतात. चालतं, पण टोनरचा काळा उजेडाकडे धरला की तपकिरी दिसतो आणि त्याला सुईच्या टोकाएवढी भोकं असतात. मग एकावर एक दोन प्रिंट चिकटवून काळा पुरा करतात. चांगल्या पॉझिटिव्हचं काळं तीन घनतेचं असावं असं म्हणतात. तीन म्हणजे त्यावर पडलेल्या उजेडाचा हजारावा भाग तेवढा पलीकडे गेला पाहिजे. इंकजेटच्या खास फिल्मवर हे साधतं. लेझरचं आणखी एक दुखणं. आतल्या तापलेल्या रोलरमधून जाताना ट्रेसिंग पेपर आकसतो, आणि तीन पानं तीन तऱ्हेने आकसतात. म्हणून काही जण कागद आधी एकदा कोराच मशीनमधून फिरवून घेतात, मग त्यावर छापतात. जे काय आकसायचं ते आधीच आकसून झालेलं बरं.

हे मिलिमीटरचे अंश महत्त्वाचे, कारण ती एकटी कधीच नसते. तीन रंगांचं काम म्हणजे तीन बहिणी, चारी बाजूंना प्लसच्या खुणा. त्या खुणा एकमेकींवर बसल्या तरच चित्र जुळतं. कापड ताणलं जातं, फ्रेम हलते, हात कमी-जास्त पडतो. हे गृहीत धरून पिवळा रंग लालच्या खाली जरासा सरकवून ठेवायचा, म्हणजे मधे कापडाची फट दिसत नाही. काळ्या टी-शर्टावर तर रंगांच्या खाली पांढऱ्याचा थर लागतो, नाहीतर भगवा मातकट दिसतो. तिथे उलटं करायचं. पांढऱ्याला सगळीकडून केसभर आत ओढायचं, नाहीतर भगव्याच्या कडेने पांढरी किनार डोकावते. पांढऱ्याने छपाईचं निम्मं ओझं उचललेलं असतं, आणि काम चांगलं झालं तर तो कुठेच दिसत नाही.

उजेडासमोर जाताना तिची एक अट असते. छापलेली बाजू वर आणि अक्षरं सुलटी वाचता येतील अशी काचेवर ठेवायची, वरून फ्रेम, म्हणजे काळं थेट इमल्शनला चिकटतं. उलटी ठेवली तर अक्षरं उलटी छापली जातातच, शिवाय काळं आणि इमल्शन यांच्या मधे फिल्मची जाडी येते. त्या फटीतून तिरका उजेड आत शिरतो आणि बारीक रेघा खाऊन टाकतो. फ्रेमवर काळा फोम, त्यावर वजन. वजनाला विटा चालतात, जुने टेलिफोन डिरेक्टरीचे ठोकळेही मी पाहिलेत. काही ठिकाणी अजूनही दिव्याऐवजी ऊनच वापरतात. जूनमध्ये आभाळ भरून आलं की त्यांचे अंदाज चुकतात.

फ्रेमचं इमल्शन काम झाल्यावर काढून टाकतात आणि तीच जाळी दुसऱ्याच्या कामाला लागते. पॉझिटिव्ह तेवढी राहते. तिला ब्राउन पाकिटात घालून, वर मंडळाचं नाव लिहून कपाटात ठेवायचं. पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर वळतो, इंकजेटच्या फिल्म एकमेकींना चिकटतात, म्हणून मधे कोरा कागद. शहाणा माणूस वर्षाचा आकडा मुख्य पॉझिटिव्हवर घेतच नाही. तो वेगळ्या छोट्या तुकड्यावर काढून वेळेला चिकटवतो, म्हणजे पुढच्या वर्षी सगळी फिल्म नव्याने काढावी लागत नाही. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही, फक्त बिलावर दिसते: फिल्म चार्ज. टी-शर्टाचा भाव तो मुकाट्याने मान्य करतो आणि त्या ओळीवर बोट ठेवतो.

‘गेल्या वर्षी दिले होते की हे पैसे?’

‘ती आहे ना पाकिटात, तीच वापरतोय. नवीन फक्त आकड्याची काढली, तिचे लावलेत.’

‘आकडाच आहे ना साहेब? मग तो हाताने काढा की.’